वीस किलो वाहणारी हलकी सॅक कशी निवडावी

अलंग-मदन-कुलंग या तीन किल्ल्यांचा तीन दिवसांचा बेत धरू. तंबूतला आपला वाटा १.२ किलो, स्लीपिंग बॅग १, मॅट ०.४, कपडे दीड. ६० मीटरचा दोर ४ किलो. हार्नेस (कमरेला बांधायचा सुरक्षा-पट्टा), हेल्मेट, कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या) मिळून २. शिधा रोज ७०० ग्रॅमच्या हिशोबाने २.१, स्टोव्ह-इंधन-भांड्यांचा वाटा ०.८, टॉर्च-औषधं-किरकोळ १. आणि उन्हाळ्यात मदनवर पाणी मिळेलच असं धरून चालू नये, म्हणून पाच लिटर पाणी, म्हणजे ५ किलो. बेरीज १९. वर सॅकचं स्वतःचं वजन. पाठीवर एकवीस किलो.

आता याच माणसाला दुकानात किंवा ऑनलाइन ९०० ग्रॅमची सॅक दिसते. घरातली जुनी सॅक २४०० ग्रॅमची आहे. दीड किलो वाचणार म्हणून तो खूश. पण ती ९०० ग्रॅमची सॅक बारा-तेरा किलोपर्यंत ताठ उभी राहते आणि त्यापुढे तिची पाठ मोडते. पाठ मोडली की कमरेवर जायचं वजन खांद्यावर येतं. दीड किलो वाचवून पंधरा किलो खांद्यावर घेतले, असा तो व्यवहार होतो.

म्हणून हलकी सॅक म्हणजे काय, हे आधी ठरवून घ्या. आपल्या सगळ्यात जड दिवसाचं ओझं कमरेवर नेऊन ठेवणाऱ्या ज्या सॅक आहेत, त्यांतली सगळ्यात कमी वजनाची, ती हलकी. जड दिवस कोणता, हे ट्रेकगणिक बदलतं. पिन पार्वतीसारख्या लांब वाटेवर (खिंड ५३१९ मीटर) पोर्टर न घेता जाणाऱ्यांचा पहिला दिवस सगळ्यात जड, कारण शिधा पूर्ण असतो. सह्याद्रीत बहुतेकदा पाणी नसलेला टप्पा जड. ढोबळ अंदाज असा: जड दिवसाचं ओझं दहा किलोच्या आत असेल तर बिनफ्रेमची (पाठीत ताठ सांगाडा नसलेली) सॅक चालते. दहा ते पंधरा-सोळाला एक-दोन दांड्यांची साधी फ्रेम पुरते. त्यापुढे फ्रेम आणि कमरपट्टा या दोन गोष्टींवर तडजोड करू नये. वीस किलोसाठी दीड ते दोन किलोची सॅक म्हणजे हलकीच म्हणायची.

आधी पाठ मोजा

उंचीवरून सॅकचा साइज ठरत नाही. सहा फुटी माणसाचं धड आखूड असू शकतं आणि साडेपाच फुटी बाईचं लांब. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक हाड ठळकपणे वर येतं, तो सातवा मणका. तिथे टेपचं टोक धरायला दुसऱ्याला सांगा. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की तळहात कटीच्या हाडावर टेकतील आणि अंगठे मागे येतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा जिथे पाठीचा कणा छेदते, तिथपर्यंत टेप पाठीच्या वळणाबरहुकूम खाली आणा. येणारा आकडा साधारण ४० ते ५३ सेंटिमीटरच्या दरम्यान असतो. एकट्याने मोजू नका. हात मागे वळवला की पाठ वाकते आणि माप दोन-तीन सेंटिमीटर चुकतं.

या आकड्यावरून खांदेपट्टे कुठे जोडायचे ते कळतं. फ्रेम किती उंच हवी, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो फार कमी लोक विचारतात. खांद्यावरून वर-मागे जाणारे दोन बारीक पट्टे असतात, लोड लिफ्टर. ते खांद्याच्या पातळीपेक्षा वर जाऊन फ्रेमला जोडलेले असले, तरच सॅकचा माथा पुढे ओढतात आणि खांदे मोकळे करतात. ४५ अंशांच्या आसपासचा कोन उत्तम. आडवे गेले तर ते फक्त सॅक अंगाशी ओढतात, वजन उचलत नाहीत. कमरपट्ट्याच्या मध्यापासून मोजलेली फ्रेम धडाच्या मापापेक्षा निदान १० ते १५ सेंटिमीटर उंच हवी. धड ४६ असेल तर फ्रेम ५६ ते ६१. कितीतरी हलक्या सॅकवर लोड लिफ्टर शिवलेले असतात, पण फ्रेम खांद्यापाशीच संपलेली असते. ते पट्टे शोभेचे.

उंच फ्रेमचा एक तोटा आपल्याकडे चटकन जाणवतो. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर उंच फ्रेम, आणि वरचा होल्ड शोधायला मान वर केली की हेल्मेट फ्रेमवर आपटतं. त्यावर उपाय आहे: रॉक पॅचवर (दोर लावून चढायच्या कातळटप्प्यावर) सॅक पाठीवर घेऊच नये, दोराने वर खेचावी. वीस किलो घेऊन पॅच चढणं तसंही शहाणपणाचं नाही.

फ्रेम

दांडे कुठून कुठे जातात ते हाताने चाचपून बघा. खालचं टोक कमरपट्ट्याच्या मागच्या गादीत किंवा तिला घट्ट जोडलेल्या खिशात उतरायला हवं. दांडे सॅकच्या तळाशीच थांबत असतील आणि कमरपट्टा नुसता कापडावर शिवलेला असेल, तर ओझं वाढलं की कापड ताणतं, सॅक बसते आणि पट्टा वर राहतो. नुसत्या प्लास्टिकच्या पत्र्याची फ्रेम असेल तर ती वीस किलोला धनुष्यासारखी वाकते. पत्रा हवाच असेल तर त्यावर किमान एक, शक्यतो दोन ॲल्युमिनियमचे दांडे हवेत.

ॲल्युमिनियम की कार्बन फायबर? कार्बनने शंभर-दीडशे ग्रॅम वाचतात आणि दांडा ताठही असतो. पण त्याला आपल्या पाठीचं वळण देता येत नाही, आणि बाजूने आघात बसला की तो पूर्वसूचना न देता मोडतो. कातळावर सॅक टेकवणं, खेचणं, वरून सोडणं हे रोजचं असेल तर ॲल्युमिनियमच बरं. ते वाकतं, पण गुडघ्यावर दाबून सरळ करता येतं. ६०६१ आणि ७०७५ असे दोन मिश्रधातू दिसतात. दोन्हींचा ताठपणा जवळपास सारखाच. ७०७५ जास्त ओझ्यानंतर वाकतं, पण पुन्हा पुन्हा वाकवलं तर तडकतं. म्हणून त्याला पाठीचं वळण एकदाच, सावकाश द्यावं.

पाठ आणि सॅक यांच्यात ताणलेली जाळी असलेल्या सॅक आपल्या हवेत भलत्याच लोकप्रिय आहेत, कारण घाम सुकतो. बारा किलोपर्यंत ठीक. वीस किलोला मात्र तीच जाळी वैरीण होते. ती सगळं ओझं पाठीपासून चार-पाच सेंटिमीटर मागे ढकलते आणि तोल मागे जातो. चढावर माणूस पुढे वाकून तो भरून काढतो आणि संध्याकाळी कंबर धरते. पाठ भिजली तरी चालेल, ओझं अंगाला चिकटलेलं हवं.

कमरपट्टा

पट्ट्याच्या गादीचा मध्य कटीच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसायला हवा. पोटावर नाही, नितंबावर नाही. गादी पुढच्या टोकदार हाडांच्याही पुढे यायला हवी. पूर्ण आवळल्यावर दोन्ही गाद्यांच्या टोकांमध्ये पाच ते आठ सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. टोकं एकमेकींना भिडली की पुढे आवळायला काही उरत नाही, आणि आठ दिवसांच्या ट्रेकमध्ये कंबर एखाद इंचाने कमी होतेच. खांदे आणि कंबर यांचे साइज वेगवेगळे निवडू देणारी सॅक मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

गादी मऊ असणं हा गुण वाटतो, पण दुकानात गुबगुबीत वाटणारा फोम दोन तासांत चपटा होतो आणि मग पट्ट्याची कडा हाडाला लागते. बोटाने दाबून बघा: थोडा विरोध करणारा, आत ताठ थर असलेला पट्टा घ्या. अतिआवळल्यामुळे मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात किंवा ती बधिर होते. तिथली नस दबलेली असते. हे झालं तर पट्टा एक सेंटिमीटर वर घ्या आणि दहा मिनिटं सैल ठेवा. हाताच्या बोटांना मुंग्या आल्या तर दोष खांदेपट्ट्यांचा, म्हणजे वजन कमरेवर पोचतच नाहीये.

बायकांसाठी बनवलेल्या सॅकमध्ये पट्ट्याची गादी वरून आत कललेली असते आणि खांदेपट्टे छातीपाशी जास्त वळतात. रंग बदललेली पुरुषी सॅक आणि खरोखर वेगळी कापलेली सॅक यांतला फरक घालूनच कळतो. रुंद कटी असलेल्या पुरुषालाही बायकांचा पट्टा नीट बसू शकतो. लाजू नये.

कापडाचा हिशोब

सॅकची चर्चा सुरू झाली की सगळ्यात जास्त वेळ कापडावर जातो, आणि वजनाच्या दृष्टीने तोच सगळ्यात कमी महत्त्वाचा मुद्दा आहे. साठ लिटरच्या सॅकला साधारण दीड चौरस मीटर कापड लागतं. ५०० डेनियरचं कॉर्ड्युरा चौरस मीटरला सुमारे २५० ग्रॅम भरतं, अल्ट्रा २०० सारखं नवं कापड सुमारे १२०. फरक दोनशे ग्रॅमच्या आत, एक पेला पाणी. किमतीतला फरक मात्र चांगलाच चटका देणारा.

(डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. वीण दर्जेदार असेल तर २१० डेनियरचं नायलॉनही वर्षानुवर्षं टिकतं.)

करवंदीच्या जाळ्या, कारवीचे खुंट आणि बेसॉल्टचा कातळ हे आपले तीन शत्रू. त्यांच्यापुढे डायनीमा कॉम्पोझिट हे अतिहलकं कापड तग धरत नाही. ते फाटत नाही, पण घासून भोकं पडतात. नळीच्या वाटेने (अरुंद घळीतून) बसत-घसरत उतरताना सॅकचा तळ तासन्‌तास दगडावर घासतो. म्हणून तळाला ४०० ते ५०० डेनियर हवंच, बाकी अंगाला २१० चालेल. थर चिकटवून बनवलेल्या जलरोधक कापडांचं आतलं आवरण घडी पडते तिथे कालांतराने सुटतं. अशी सॅक घडी घालून माळ्यावर टाकू नये, खुंटीला टांगावी.

वजन खरं वाचतं ते इतर ठिकाणी. वरचं झाकण दीडशे ते अडीचशे ग्रॅम. आतला पडदा, तळाची चेन, सहा जादा खिसे, बरोबर दिलेलं रेनकव्हर, हे सगळं मिळून चारशे ग्रॅम सहज होतात. रेनकव्हर कारवीत फाटतं आणि वाऱ्यात उडतं. खताच्या गोणीच्या आत असते तसली जाड प्लास्टिकची पिशवी सॅकच्या आत घाला, तोंड पिळून दुमडा. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात दिवसभर भिजलात तरी स्लीपिंग बॅग कोरडी राहील.

शिकाऱ्यांकडून घेण्यासारखं

जड ओझ्याच्या हलक्या सॅकवर सगळ्यात जास्त डोकं लढवलंय ते अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातल्या शिकाऱ्यांसाठी सॅक बनवणाऱ्यांनी. कोलोराडो, मोंटाना, आयडाहो इथे एल्क नावाच्या मोठ्या सांबरवर्गीय जनावराच्या परवानाधारक शिकारीला माणसं चालत आत जातात. जाताना पाठीवर पंधरा-अठरा किलो असतात. शिकार साधली तर मांस गाडीपर्यंत पाठीवरूनच आणावं लागतं, हाडं काढूनही ते ७० ते १०० किलोंच्या घरात जातं. तीन-चार फेऱ्या, दर फेरीला तीस किलोंच्या आसपास. म्हणजे त्यांचा जड दिवस शेवटी येतो, तोही न सांगता. तीच सॅक आधी छोटी आणि हलकी, नंतर हमालासारखी कणखर हवी.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरत नाही, पण त्यांची युक्ती उचलण्यासारखी आहे. त्यांच्या सॅकमध्ये फ्रेम आणि पिशवी अलग होतात. पिशवीच्या बाजूचे पट्टे सैल केले की फ्रेम आणि पिशवी यांच्यात फट पडते आणि खाली एक पट्टी आडवी राहते. या फटीत मांसाची पोतडी ठेवून पट्टे आवळतात. सगळ्यात जड वस्तू पाठीला चिकटून राहते, आणि पिशवीला रक्तही लागत नाही. आपल्यासाठी त्या जागेत पाच लिटरचा कॅन, ओला तंबू, गुंडाळलेला दोर बसतो, किंवा पाय मुरगळलेल्या भिडूचं सामान. फट जितकी जाड, तितकी मागची पिशवी लांब ढकलली जाते, म्हणून पिशवीत फक्त हलकं सामान ठेवावं लागतं.

या फ्रेम बहुधा ६१ आणि ६६ सेंटिमीटर उंचीच्या असतात. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना त्या घालून बघता येतात. इथे मागवायच्या तर सीमाशुल्क आणि साइज चुकल्यास परत पाठवण्याची कटकट आधी मोजून घ्या. पिशवी अलग होणारी सॅक नसेल तरी तत्त्व वापरता येतं. दोर झाकणाखाली अडकवायची सवय सोडा. चार किलो तिथे माथ्यावर झुलतात आणि आडव्या वाटेवर तोल घालवतात. दोर गोल वेटोळं न करता सैल भरत सॅकच्या आत, पाठीला लागून ठेवा.

घरी भरून बघा

दुकानात मिळणाऱ्या हवा भरलेल्या उशांनी काही कळत नाही. तळाशी गोधडी भरा, तिच्यावर पाठीकडच्या बाजूला पाच-पाच किलोच्या आट्याच्या दोन पिशव्या, त्याच पातळीला पाण्याच्या बाटल्या, आणि मोकळ्या जागेत कपडे. वजनकाट्यावर वीस किलो होऊ द्या. भरण्याआधी रिकामी सॅक घालून कमरपट्ट्याच्या मध्यापासून खांदेपट्टा जोडला आहे तिथपर्यंतचं अंतर मोजून ठेवा.

सगळे पट्टे सैल करून सॅक घाला. आधी कमरपट्टा जागेवर आणून आवळा. मग खांदेपट्टे, पण फक्त अंगाला लागतील इतके. त्यानंतर लोड लिफ्टर, शेवटी छातीचा पट्टा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे खांदे आधी आवळले, तर चांगली सॅकही वाईट वाटते.

आता पुन्हा तेच अंतर मोजायला सांगा. दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त घटलं असेल तर फ्रेम बसतेय. ही सॅक वीस किलोची नाही, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. खांदेपट्ट्याच्या वरच्या बाजूला दोन बोटं सहज सरकायला हवीत. कमरपट्ट्याच्या वरच्या कडेला कपड्यावर खडूने खूण करा आणि जिन्याने अर्धा तास चढ-उतर करा. पट्टा दोन सेंटिमीटरहून खाली घसरला तर आकार चुकलाय. उतरताना नीट लक्ष द्या, कारण चढावर पुढे झुकल्यामुळे सगळ्याच सॅक बऱ्या वाटतात, खरं रूप उतारावर दिसतं.

शिवणीही याच वेळी तपासा. खांदेपट्टे जिथे फ्रेमपाशी जोडले आहेत तिथे दाट, आडवे टाके हवेत. पट्टा नुसत्या कापडाला एका सरळ टाक्याने शिवलेला असेल तर तो आधी उसवतो. १५ मिलिमीटरचे अगदी बारीक पट्टे वजन वाचवतात, पण ओले झाले की बकलमधून सरकत राहतात. बाटलीभर पाणी ओतून बघितलं तर दुकानदार रागावेल, घरी मात्र जरूर बघा.

पॅचवर सॅक खेचताना दोर फक्त वरच्या हँडलला बांधू नका. हलक्या सॅकचं हँडल वीस किलोच्या झटक्यासाठी शिवलेलं नसतं. हँडल आणि दोन्ही खांदेपट्ट्यांचे वरचे भाग मिळून एक पट्टी ओवा, तिच्यात कॅराबिनर अडकवा, आणि कमरपट्टा मागे वळवून सॅकभोवती लावून टाका, नाहीतर तोच कपारीत अडकतो.

बरोबर ७०-८० ग्रॅमची दुरुस्तीची पुडी ठेवा: जाड सुई, चांभार वापरतात तसला नायलॉनचा दोरा, दोन मीटर २० मिलिमीटरची पट्टी आणि कमरेचं एक जादा बकल. बकल विकत घेताना आपल्या पट्ट्याची रुंदी मोजून घ्या, २५ आणि ३८ मिलिमीटर अशा दोन्ही मापांची असतात. मधला दांडा चिरलेला असतो ते घ्या. ते न उसवता, न शिवता पट्ट्यावर सरकवता येतं. कातळावर टेकताना सगळ्यात आधी पायाखाली येऊन फुटतं ते हेच बकल, आणि ते फुटलं की सबंध एकवीस किलो खांद्यावर येतात.